बकऱ्याच्या तराजूत गाव

श्रावण लागला की गावात सगळ्यांना देव आठवतात. मला बकरे आठवतात.

यात देवाचा अपमान नाही आणि बकऱ्यांचाही नाही. ज्याचं आयुष्य ज्यात गेलं, त्याला ते आठवणारच. पिंपळगाव राजात आमचं मटणाचं दुकान आजाच्या वेळेपासूनचं, आणि मी मिसरूड फुटल्यापासून चाळिशी उलटेपर्यंत त्या दुकानात उभा राहिलो. खाटीक. हा शब्द मी मुद्दाम पुरा लिहितो, कारण पुष्कळ लोक तो अर्धा गिळून बोलतात. आमच्या लहानपणी शाळेत एक मास्तर होते. ते पोरांना बदडून काढायचे आणि लोक म्हणायचे, “मास्तर हाय का खाटीक!” मला तेव्हाही राग यायचा. इतकं गबाळं काम करणारा एकही खाटीक आमच्या नात्यागोत्यात नव्हता.

आमचं पंचांगच उलटं. लोकांचे सण सुरू झाले की आमचं दुकान थंड. त्याआधी आखाडाच्या शेवटच्या दिवसांत मात्र गर्दी अशी, की जणू उद्यापासून गावाचे दात सरकारजमा होणार आहेत. पहाटेपासून सत्तूर चाललेला. पळसाची पानं, जुने पेपर, सुतळीचा गुंडा, आणि ओट्यासमोर एकच गिल्ला. “माह्यं आधी दे रे, पाहुणे बसून राह्यले घरी.” “हाडं कमी टाक.” “कलेजी ठेवली ना बाजूले?” अमावस्या उलटली की दुसऱ्या सकाळी शुकशुकाट. हे सगळ्यांत आधी कुत्र्यांना कळायचं. वर्षभर आमच्या ओट्याखाली मुक्काम ठोकून असलेली कुत्री उठायची, अंग झटकायची आणि भज्यांच्या आशेनं हॉटेलवाल्याच्या दारात जाऊन बसायची. महिनाभर आमच्याकडे ढुंकून बघायची नाहीत.

त्या महिन्यात भाऊ दुकानातले लोखंडी आकडे काढून राखेनं घासायचे, तेलाचा हात द्यायचे आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचे. भाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ, नामदेव. वडील लवकर गेले, तेव्हा माझ्या हातात सुरी त्यांनी दिली आणि ती कशी धरायची हेही त्यांनीच शिकवलं. श्रावण ते कडक पाळायचे. ज्या माणसानं सबंध आखाडभर गावाला मटण पुरवलं, तो माणूस महिनाभर वरण-भाकर खाऊन संध्याकाळी देवळात पोथी ऐकायला बसायचा. त्यांचं बोलणं मोजकं. आनंद झाला तरी “हूं” आणि राग आला तरी “हूं”. कोणता “हूं” कोणता, हे ओळखण्यात माझी निम्मी अक्कल खर्च झाली.

संयुक्त महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या आखाडात माझा उजवा खांदा धरला. गरम तेल लावलं, शेक दिला, खामगावच्या डॉक्टरचं औषध घेतलं, पण हात डोक्याच्या वर जाईना. सत्तूर वर गेला नाही तर खाली काय येणार? सुरीचं बारीक काम मी मांडीशी हात ठेवून करू शकत होतो, पण दुकान बारीक कामावर चालत नाही. भाऊंनी चार दिवस पाहिलं आणि म्हणाले, “तू आता बस, काशा.” एवढंच. मी बसलो. त्याच सुमारास दुकानातला जुना चिंचेचा ओंडका, ज्यावर आम्ही मटण तोडायचो, तो मधोमध झिजून परातीसारखा खोल झाला होता. भाऊंनी नवा आणला आणि जुना माझ्या घरी पाठवून दिला. “बसाले होईन,” असा निरोप होता.

मी त्या ओंडक्यावर बसून महिना काढणार होतो. समोर गल्ली, गल्लीच्या पलीकडे बंद दुकान. काम करणाऱ्या माणसाला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे त्याला आजारी पाडणं. दुकान काय फक्त मटणाचं होतं? गावाची खबर आधी आमच्याकडे यायची. एखाद्या घरून पाय न्यायला माणूस आला की समजावं, बाळंतीण आली आहे. जो एरवी अर्धा पाव घेतो त्यानं मांडीचं मागितलं की जावई आलेला असतो. आणि ज्या घरी दोन भाऊ दोन वेगवेगळ्या पुड्या बांधून मागतात, तिथे चूल वेगळी झालेली असते. हे सगळं मला न विचारता कळायचं आणि मी ते पोटात ठेवायचो. आता पोटात ठेवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे पोटात नुसती जळजळ होती.

एके दुपारी ओंडक्याची एक ढलपी सुटून हातात आली. चिंचेचं लाकूड आधीच चिवट. त्यात इतक्या वर्षांची चरबी मुरलेली. सुरीनं तासलं तर साबणासारखं गुळगुळीत निघालं आणि तेल न लावता चमकायला लागलं. आमच्या शेजारी करीमचाचांचा सुतारखाना होता. तिथून मी एक जुनी पटाशी मागून आणली आणि ठरवलं, बकरा करू. बकऱ्याची ओळख आपल्याइतकी कोणाला असणार?

दोन दिवस खपून बकरा केला. खांदा, बरगड्या, मांडी, सगळं जिथल्या तिथे. फुशारकीनं बायकोला दाखवला. गयानं तो उलटा केला, सुलटा केला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. “अहो, हे बकरं नोहे. हे मटन हाय. याले आकड्याले टांगा.”

मी पाहिलं, तर तिचं खरं होतं. माझ्या हातांनी सोललेला बकरा केला होता. कातडं नाही, केस नाहीत, शेपूट नाही, आणि मान जिथे संपते तिथे काहीच नाही. तोंड करायचं मला सुचलंच नव्हतं. करीमचाचा कामावरून उठून बघायला आले. त्यांनी तो तुकडा डोळ्याजवळ नेला, लांब धरला आणि निकाल दिला. “अरे मिया, तुले बकऱ्याचे दात मालूम, डोये नाही मालूम. जाय, बैठ थोडा उनके साथ.”

हे मला लागलं, पण खोटं नव्हतं. जळगाव जामोदच्या बाजारात मी शेकडो बकरे घेतले असतील. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेले तगडे, तांबडे, काळे. दात बघायचा, कमरेवर मूठ ठेवायची, मागचा पाय उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, सौदा संपला. तोंडाकडे बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

मग मी गावाबाहेरच्या पडीकात, जिथे शेळ्या चरायच्या, तिथे जाऊन बसू लागलो. श्रावणातलं ऊन-सावलीचं खेळणं चालू, बाभळीखाली ओल, आणि समोर बकरे. लोक विचारायचे, “काऊन बे काशा, उधारीत हेरून राह्यला काय?” मी म्हणायचो, “नाही, ओळख करून राह्यलो.” आणि खरंच ओळख झाली. बकऱ्याच्या तोंडावर एक भाव असतो, तो मी आयुष्यभर चुकवला होता. खालचा जबडा बाजूला सरकवून, डोळे अर्धे मिटून तो आपल्याकडे असा पाहतो, की आपण काहीतरी मूर्खपणा केला आहे आणि तो सभ्यपणामुळे बोलत नाही. पंचायत समितीच्या साहेबांच्या तोंडावरही मी तो भाव पाहिलेला आहे, पण बकऱ्याच्या तोंडावर तो जास्त शोभतो.

तिथेच, त्या पडीकात, मला हसू फुटलं. मनात आलं, हे आपल्याला इतकी वर्षं असंच बघत आले असतील. आपण त्यांचे दात बघत होतो आणि ते आपलं सगळं गाव बघत होते. ओट्याला बांधलेला बकरा. पुढे कोण आला, काय बोलला, कसा घासाघीस करून गेला, सगळं त्याच्यासमोर. त्याला लिहिता आलं असतं तर गावात कोणाची अब्रू राहिली नसती. त्याला लिहिता येत नव्हतं म्हणून मी कोरायचं ठरवलं.

पहिलाच बकरा गादीवर मांडी घालून बसला. त्याच्या हातात तराजू, आणि पारड्यात आमचे पाटील, पोट सावरत. दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवून ठेवून बकरा दमलेला. हेच पाटील श्रावणात मागच्या दारानं माणूस पाठवायचे, ‘डॉक्टरनं पायाचा रस्सा सांगितला’ म्हणून. त्यांच्या रोगाला श्रावणातच जोर चढायचा. नंतर शाळेतले नवे मास्तर केले. हे मारकुटे नव्हते, गरीब होते, पण मटण घेताना प्रत्येक तुकडा चिमटीत धरून दाबून बघायचे. माझ्या लाकडात मास्तर बकऱ्याची मांडी चिमटीत धरून उभे आहेत आणि बकरा मास्तरांची. दोघंही विचारात पडले आहेत. मग जिल्हा परिषदेचे मेंबर. तेव्हा हे राज्य नवं नवं होतं आणि सत्काराशिवाय दिवस उगवत नव्हता. एका खुर्चीवर मेंबर, दुसऱ्या खुर्चीवर बकरा, दोघांच्या गळ्यात सारखेच हार. बघणारा आधी बकऱ्याकडे बघून हसतो, मग हाराकडे बघतो, आणि मग हसू आवरतो. करीमचाचांनाही सोडलं नाही. ते दुपारी बाजेवर घोरत पडले आहेत आणि बकरा रंधा मारतो आहे. शेवटी स्वतःला केलं. मी पाय रोवून मागे ओढतो आहे आणि माझ्या गळ्यातली दोरी बकऱ्याच्या हातात आहे. तो मला बाजाराला नेतो आहे. त्याच्या तोंडावर कसली घाई नाही.

एक अडचण मात्र कोणत्याही मूर्तिकाराला आली नसेल. लाकडात मुरलेल्या चरबीचा वास कुत्र्यांना लागला. हॉटेलाच्या दारात भज्यांवर दिवस काढणारी ती कुत्री परत माझ्या ओट्याशी आली. एकानं मेंबर पळवले. गया काठी घेऊन त्याच्या मागे देवळापर्यंत गेली आणि तिनं मेंबरांना सोडवून आणलं. त्यांच्या पाठीवर दाताची खूण अजून आहे. तेव्हापासून तिनं सगळा संच पिठाच्या डब्यात झाकून ठेवायला सुरुवात केली.

आता माझी ती लाकडं काचेच्या कपाटात असतात. बाहेरगावची माणसं कधीमधी बघायला येतात. मागे एक शिकलेल्या बाई आल्या होत्या, चिखलीच्या. सगळं निरखून म्हणाल्या, “धंदा सोडल्याचा पश्चात्ताप, म्हणून हे केलंत का?” मी त्यांना चहा दिला. पश्चात्ताप कशाचा? मी धंदा सोडला नाही, खांद्यानं सोडवला. आणि जितकी वर्षं केला तितकी नेकीनं केला. शिळं विकलं नाही, तराजूला बोट लावलं नाही, जनावराला उगाच ताटकळत ठेवलं नाही, सुरी बोथट असताना हात लावला नाही. ज्यांच्या घरी जावई जेवून तृप्त झाला आणि बाळंतीण उठून बसली, त्यात माझे हात आहेत. मी हसतो ते या कामाला कमी लेखून नाही. परक्याला ज्या घरात बसायची चोरी असते, त्या घरात घरचा माणूस पाय पसरून बसतो, तसा मी त्यात पाय पसरून हसतो.

हे मला आज नीट सांगता येतं. त्या श्रावणात येत नव्हतं, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते माझ्याशी बोलत नव्हते.

झालं असं की पाटील आणि मास्तर तयार झाले तेव्हाच भाऊ एकदा घरी आले होते. मी मोठ्या हौसेनं ते त्यांच्यासमोर ठेवले. भाऊंनी बराच वेळ बघितलं. “हूं,” म्हणाले, उठले आणि गेले. तो “हूं” मला ओळखता आला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्या घराकडे बघणं सोडलं. समोरासमोर दारं, मध्ये बैलगाडी जाईल एवढी गल्ली, आणि भाऊ दुकान घासताना पाठ करून बसायचे. वहिनी पाण्याला जाताना गयाला म्हणाल्या, “तुह्या मालकाचं नाव निंघालं का ताटावरून उठते हे. काय झालं तं सांगत नाही.”

काय झालं ते मला कळलं आहे असं मला वाटत होतं. लहानपणी आम्ही दोघं शाळेत एकाच पट्टीवर, सगळ्यांपासून जरा बाजूला बसायचो. पोरं नाक दाबायची. भाऊंनी तेव्हा त्यातल्या दोघांची कानफटं फोडली होती आणि शाळा सोडली होती. मला मात्र त्यांनी सातवीपर्यंत धाक घालून पाठवलं. लोकांनी आमच्यावर हसू नये म्हणून ज्या माणसानं जन्मभर दुकानाचा ओटा आरशासारखा ठेवला, त्याच्या पाठच्या भावानं तेच दुकान हसण्यावारी नेलं होतं. बापाच्या धंद्याची मी थट्टा मांडली, असं भाऊंना वाटलं असणार. सुरी हातात घेतली की त्यांची पाठ डोळ्यांसमोर यायची. मी कोरणं थांबवलं नाही, पण भाऊ परत बोलले नाहीत तर हे सगळं चुलीत घालायचं, हेही मनाशी ठरवलं होतं. भाऊ गमावून मिळवावं असं त्या लाकडात काही नव्हतं.

मग पोळा आला. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला, घरोघरी पुरणाचा वास सुटला, आणि गावानं महिनाभर आवळून धरलेला श्वास सोडला. कारण पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. आमच्या वऱ्हाडात करीला ज्या घरी मटण शिजत नाही, त्या घरी कोणीतरी आजारी आहे असं धरतात. आमच्या दुकानाचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. उजाडायच्या आत रांग लागली, ती पार पिंपळाच्या पारापर्यंत. भाऊ एकटे. सत्तूर खट् खट् चालू. मी समोरच्या ओट्यावर हात चोळत बसलेला.

तेवढ्यात गया आतून पिठाचा डबा घेऊन आली. ओट्यावर फळी टाकली, तिच्यावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि एकेक बकरा काढून मांडायला लागली.

“अवं काय करतं? भाऊ पाहतीन.”

“पाहू द्या. चोरीचा माल हाय काय? का फक्त कुत्र्यायनंच पाहाचं?”

रांग तुटली. माणसं इकडे वळली. एक जण फिसकन हसला आणि सगळी गल्ली उसळली. मजा अशी की प्रत्येकाला दुसरा ओळखू येत होता, स्वतःला कोणी ओळखत नव्हता. पाटील मास्तरांना बघून डोळे पुसत होते, मास्तर पाटलांना बघून. शेवटी पाटलांनी तराजूतल्या माणसाच्या पोटावर बोट ठेवून विचारलं, “हा ढेरपोट्या कोन हाय रे?” सगळ्यांच्या नजरा त्यांच्याच पोटावर गेल्या. पाटलांनी पोटाकडे पाहिलं, एकदा लाकडाच्या आणि एकदा स्वतःच्या. मग असे हसले की त्यांना धरून बसवावं लागलं.

माझं लक्ष त्या हसण्यात नव्हतं. माझा कान गल्लीपलीकडे होता. सत्तूर थांबला होता.

भाऊ खाली उतरले. फडक्याला हात पुसत गल्ली ओलांडून आले. लोक बाजूला झाले. त्यांनी शिव्या द्याव्यात, फळी लाथाडावी, काहीही करावं, पण पाठ फिरवू नये, एवढंच मी मागत होतो. भाऊंनी एकेक उचलला, सगळीकडून बघितला, जिथला तिथे ठेवला.

“हा पाटील.”

“हो, भाऊ.”

“हा मास्तर. हा मेंबर. हा करीम, झोपून राह्यला. हा तू.”

“हो.”

“दुकान कोनाचं हाय बे?”

“आपलं.”

“मंग मी कुठी हावो?”

“भाऊ, तुमची थट्टा कशी करू मी?”

“काऊन? मी परका हावो काय?” भाऊंचा आवाज चढला. इतकं एका दमात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “महिना झाला पाहून राह्यलो. आज बनवते, उद्या बनवते. समदा गाव बनवला. करीम बनवला! त्यानं कधी सत्तूर तरी धरला काय? आता लोकं मले विचारतीन, नामदेवा, याच्यात तू कोनता? काय सांगू मी लोकायले? माह्या भावानं मले सोडून समद्यायले घेतलं?”

त्यांचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते. भाऊंनी फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्या ओट्यावर, भर रांगेसमोर, ताठ होऊन बसले.

“कोर.”

मागून कोणीतरी ओरडलं, “अन् मटन, नामदेवभाऊ?”

“थांबा! महिनाभर थांबले, अजून घडीभर थांबान तं मरत नाही.” मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “पोट जरासं कमी करजो. आन् बकरं माह्याहून उंच नको.”

मी पटाशी घेतली. गाव रांग सोडून भोवती बसलं, आणि माझा भाऊ, नामदेव खाटीक, मान न हलवता बसून राहिला. बकरा त्यांच्याहून बोटभर उंचच झाला, त्याला माझा इलाज नव्हता. त्या वर्षी करीचं मटण आमच्या गावात दुपार टळल्यावर शिजलं.